वास नसलेल्या वायूचा दाखला: गोव्यातून हरित हायड्रोजन परदेशी पाठवायचा तर

काजूची फेणी अस्सल आहे की पाणी मारलेली, हे सत्तरी तालुक्यातला एखादा जुना भट्टीवाला बाटलीचं बूच काढताच सांगतो. हायड्रोजनच्या बाबतीत ही सोय नाही. उन्हाच्या विजेवर पाणी फोडून काढलेला हायड्रोजन आणि नैसर्गिक वायूपासून काढलेला हायड्रोजन शेजारी शेजारी ठेवले तर दोन्ही बिनरंगाचे, दोन्ही बिनवासाचे. ‘हरित’पणा वायूत नसतोच, तो कसा तयार झाला याच्या नोंदीत असतो. परदेशी गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजतं ते त्या नोंदीसाठी.

मी वीसेक वर्षं वास्कोत खनिज निर्यातीच्या कागदपत्रांत काढली. बार्जमधला माल बोटीत चढताना सर्व्हेअरची माणसं ठरावीक टनांमागे नमुना घ्यायची. लोह किती टक्के, ओलावा किती, याचा दाखला निघायचा आणि त्यावर बिल व्हायचं. चीनच्या बंदरात माल उतरला की पुन्हा तपासणी. दोन दाखल्यांत अर्ध्या टक्क्याचा फरक पडला तरी ऑफिसात रात्र जागून काढावी लागे. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या, तेव्हा कागदाचं ते कसब घेऊन जायचं कुठे हा प्रश्न पडला. हायड्रोजनच्या प्रमाणपत्रांकडे वळलो तेव्हा धंदा ओळखीचा वाटला. फरक एक, पण मोठा: इथे माल उतरल्यावर नमुना घेऊन काहीच कळत नाही. जे सिद्ध करायचं ते उत्पादनाच्या जागी, त्या त्या तासाला सिद्ध झालेलं असावं लागतं. मागाहून दुरुस्ती नाही.

म्हणून माझ्याकडे कुणी ‘प्रकल्प उभा राहिला, आता सर्टिफिकेट काढून द्या’ म्हणत आला की मी आधी पाणी विचारतो आणि मग वाईट बातमी सांगतो. क्रम उलटा लागतो: आधी गिऱ्हाईक, मग वीज, मग यंत्र. पुढे सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे.

पहिलं काम: माल कोणाला विकणार ते ठरवा

‘हरित हायड्रोजन’ची जगभर एकच व्याख्या नाही. भारताने ऑगस्ट २०२३ मध्ये आपली व्याख्या जाहीर केली: एक किलो हायड्रोजनमागे २ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड (इतर हरितगृह वायूही त्या मापात धरून) होता कामा नये, आणि हा हिशेब बारा महिन्यांच्या सरासरीने. पाण्याचं शुद्धीकरण, इलेक्ट्रोलिसिस (विजेने पाणी फोडणं), वायूचं शुद्धीकरण, सुकवणं आणि दाबणं एवढं त्यात येतं. कारखान्याच्या फाटकाबाहेरची वाहतूक येत नाही.

युरोपीय संघाचा आकडा वरवर पाहता ढिला आहे. जीवाश्म इंधनाचं तुलनेचं माप ते ऊर्जेच्या दर मेगाज्यूलमागे ९४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरतात आणि त्यापेक्षा ७० टक्के बचत मागतात. म्हणजे २८.२ ग्रॅम. किलोभर हायड्रोजनमध्ये सुमारे १२० मेगाज्यूल ऊर्जा, तेव्हा गुणाकार केला की ३.३८ किलो. ‘आपले २ किलो, त्यांचे ३.३८, म्हणजे आपण सहज पास’ असं म्हणणारे मला दर महिन्याला भेटतात. ते दोन गोष्टी विसरतात. युरोपच्या आकड्यात माल वापरणाऱ्याच्या दारापर्यंतची वाहतूक धरलेली असते. आणि तिथे सरासरी जास्तीत जास्त एका महिन्याची काढता येते, वर्षाची नाही.

गोव्यात बसून हा महिन्याचा नियम नीट समजून घ्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर सूर्य रजेवर असतो. भारतीय नियमात मार्च-एप्रिलचं ऊन जुलैच्या ढगांना सांभाळून घेतं. युरोपच्या नियमात जुलैचा हिशेब जुलैलाच द्यावा लागतो. पावसाळ्यात वीज कमी पडली म्हणून ग्रीडमधून ओढली, तर त्या महिन्याचा माल नापास होऊ शकतो, बाकीचे आठ महिने कितीही सोन्यासारखे गेले तरी. उपाय आहे: मान्सूनमध्ये घाटमाथ्यावर आणि कर्नाटकात वारा जोरात असतो, म्हणून करारात सौर आणि पवन दोन्ही घ्या. नुसत्या सौर विजेवर युरोपला माल पाठवायचा असेल तर पावसाळ्यात यंत्र मंद चालवायची तयारी ठेवा आणि ती पुरवठ्याच्या करारातही लिहून घ्या.

जपानच्या २०२४ च्या हायड्रोजन कायद्याने मर्यादा ३.४ किलो ठेवली आहे, अमोनियासाठी किलोमागे ०.८७ किलो. कोरियाने चार पायऱ्या केल्या आहेत: ०.१ किलोपर्यंत पहिली, १ पर्यंत दुसरी, २ पर्यंत तिसरी, ४ पर्यंत चौथी. ब्रिटनचं माप मेगाज्यूलमागे २० ग्रॅम, म्हणजे किलोला साधारण २.४. हे आकडे एका ओळीत मांडून तुलना करू नका. प्रत्येकाची सीमा वेगळी आहे. खनिजात ओला टन आणि सुका टन यांची गल्लत केली की काय व्हायचं ते जुन्या लोकांना आठवत असेल.

आणखी एक कोपरा इथलाच आहे. साळगावच्या कचरा प्रकल्पासारख्या ठिकाणी ओल्या कचऱ्यातून बायोगॅस निघतो. त्यापासून हायड्रोजन काढला तर भारताच्या व्याख्येत, २ किलोच्या आत राहिल्यास, तो हरित ठरू शकतो, कारण आपल्या नियमात जैवभाराची वाट उघडी आहे. युरोपात मात्र ज्या गटाला ते आरएफएनबीओ म्हणतात, म्हणजे जैविक मूळ नसलेली अक्षय इंधनं, त्यात हा माल बसत नाही. त्याला जैवइंधनाच्या वेगळ्या दारातून जावं लागतं. युरोपातली उद्योगांसाठीची मोठी मागणी (२०३० पर्यंत उद्योगात वापरल्या जाणाऱ्या हायड्रोजनपैकी ४२ टक्के) आरएफएनबीओच्याच नावाने आहे.

एकमेकांची प्रमाणपत्रं मान्य करण्याची भाषा बरीच झाली आहे. जुलै २०२३ मध्ये जी-२० देशांच्या ऊर्जामंत्र्यांची बैठक आपल्या गोव्यातच झाली, तेव्हा हायड्रोजनविषयीच्या ऐच्छिक तत्त्वांत हा मुद्दा होता. त्याच वर्षी डिसेंबरात दुबईच्या हवामान परिषदेत तीसहून अधिक देशांनी परस्पर मान्यतेचा इरादा जाहीर केला आणि मोजणीची पद्धत सांगणारा आयएसओ १९८७० हा तांत्रिक दस्तऐवज आला. मोजणी त्या पद्धतीने करून ठेवा, ती कुठेही उपयोगी पडते. पण इरादा म्हणजे मान्यता नव्हे. भारतीय प्रमाणपत्र दाखवून रॉटरडॅममध्ये माल उतरेल, असं गृहीत धरून कर्ज काढू नका.

दुसरं काम: विजेचा करार

सगळा खेळ इथे आहे. किलोभर हायड्रोजनला ५० ते ५५ युनिट वीज लागते. देशाच्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे सरासरी ०.७२ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे नुसत्या ग्रीडच्या विजेवर काढलेल्या किलोभर हायड्रोजनमागे जवळपास ३८ किलो. नैसर्गिक वायूपासून काढलेल्याचे साधारण दहा. म्हणजे चुकीच्या विजेवर चालवलेला इलेक्ट्रोलायझर (पाणी फोडणारं यंत्र) त्या जुन्या कारखान्यापेक्षा जवळजवळ चौपट घाण करतो.

युरोपचे विजेबाबतचे नियम २०२३ मध्ये निघाले. त्यात तीन प्रश्न विचारले जातात: वीज नवी आहे का, वेळेची आहे का, जागेची आहे का.

नवी म्हणजे सौर किंवा पवन प्रकल्प तुमच्या इलेक्ट्रोलायझरच्या आधी ३६ महिन्यांहून जुना नसावा आणि त्याला सरकारी अनुदान मिळालेलं नसावं. समजा सौर प्रकल्प मार्च २०२५ मध्ये सुरू झाला, तर तुमचं यंत्र मार्च २०२८ पर्यंत सुरू व्हायला हवं. यात एक सवलत आहे: इलेक्ट्रोलायझर १ जानेवारी २०२८ च्या आधी चालू झाला तर करारावर घेतलेल्या विजेसाठी ही अट २०३८ पर्यंत लागू होत नाही. सौर प्रकल्पातून थेट तार ओढून आणलेल्या विजेला मात्र ही सवलत नाही, तिथे ३६ महिने पाळावेच लागतात. दोन्ही बाजूंच्या ‘सुरू झाल्याच्या तारखेचा’ दाखला आजच फायलीत लावा. ठेकेदाराचं पत्र चालत नाही. वीज यंत्रणेने दिलेलं कमिशनिंग प्रमाणपत्र लागतं.

वेळेची म्हणजे ज्या काळात वीज तयार झाली त्याच काळात हायड्रोजन तयार झाला पाहिजे. २०२९ अखेरपर्यंत हा काळ एक कॅलेंडर महिना आहे. १ जानेवारी २०३० पासून एक तास. आपल्याकडे वीज ‘बँक’ करण्याची, म्हणजे आज ग्रीडला देऊन पुढे काढून घेण्याची पद्धत आहे आणि भारताच्या हरित व्याख्येला ती मान्य आहे. तासाचा नियम लागला की युरोपसाठी ती निरुपयोगी. २०२७ किंवा २०२८ मध्ये यंत्र लावणाऱ्याने हिशेब पहिल्या दिवसापासून तासाचाच करावा, असं माझं मत. दोन वर्षांनी सगळा करार पुन्हा लिहिण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. दिलासा असा की आपल्या ग्रीडचा हिशेब आधीपासूनच १५ मिनिटांच्या खणांत होतो. चार खण मिळवले की तास. आकडे आहेत, फक्त मागून घ्यावे लागतात.

आता जागा. गोवेकरांसाठी हा मुद्दा वेगळा वेळ काढून वाचण्यासारखा आहे. युरोपला वीज प्रकल्प आणि इलेक्ट्रोलायझर एकाच ‘बिडिंग झोन’मध्ये हवे असतात, म्हणजे विजेच्या बाजारात एकत्र धरलेल्या एकाच भागात. शेजारच्या जोडलेल्या झोनची वीज चालते, पण तिथला पुढच्या दिवसाचा भाव त्या वेळी तुमच्या भागाइतका किंवा त्याहून जास्त असेल तरच. आपल्या वीज एक्सचेंजवर देशाचे असे भाग पाडलेले आहेत, आणि त्यात आपलं चिमुकलं राज्य दोन तुकड्यांत गेलं आहे. उत्तर गोवा महाराष्ट्र-गुजरातसोबत डब्ल्यू-२ मध्ये, दक्षिण गोवा कर्नाटक-आंध्र-तेलंगणासोबत एस-१ मध्ये. आगशीहून झुआरीचा पूल ओलांडून कुठ्ठाळीला उतरलात की तुम्ही विजेच्या दुसऱ्या बाजारात आलात. कारण जुनंच आहे. गोव्याला बहुतेक वीज पश्चिम ग्रीडमधून मिळते, थोडी दक्षिणेकडून, आणि दोन्हींच्या वाहिन्या वेगवेगळ्या वाटांनी घाट उतरतात.

युरोपच्या चष्म्यातून हे तुकडे ‘बिडिंग झोन’ धरायचे की एकसंध ग्रीड म्हणून अख्खा भारत एक झोन धरायचा, हा प्रमाणन योजनेने (या योजना चौथ्या कामात येतात) द्यायचा निर्णय आहे. तुम्ही त्यावर पैज लावू नका. माझा सल्ला सरळ आहे: यंत्र वेर्ण्याला लावताय तर वीज कर्नाटकातून घ्या. पिसुर्लेला किंवा डिचोली भागात लावताय तर महाराष्ट्र किंवा गुजरातमधून. मग अर्थ कोणताही निघाला तरी तुम्ही सुरक्षित. काही कारणाने उलटी वीज घ्यावीच लागली, तर सही करण्याआधी योजनेकडून लेखी उत्तर मागवा. ‘फोनवर हो म्हणाले’ याची किंमत मी खनिजाच्या दिवसांत दोनदा मोजली आहे.

करारात न चुकता घालायच्या गोष्टी: कोणत्या प्रकल्पातून वीज येणार त्याचं नाव आणि ठिकाण, दर १५ मिनिटांची मीटरची नोंद तुम्हाला मिळण्याचा हक्क, आणि त्या विजेचा ‘हरित’ गुण दुसऱ्या कुणाला विकलेला नाही याची हमी. हा शेवटचा मुद्दा अनेकांच्या हातून निसटतो. वीज प्रकल्पाच्या मालकाने त्याच युनिटवर अक्षय ऊर्जा प्रमाणपत्र काढून तिसऱ्यालाच विकलं असेल तर तुमच्याकडे आली ती नुसती वीज. एक्सचेंजवरून घेतलेल्या विजेचंही तसंच. कोणत्या प्रकल्पाची ते दाखवता येत नाही, म्हणून आरएफएनबीओच्या करारात ती बसवता येत नाही.

आंतरराज्य पारेषण शुल्काची माफी डिसेंबर २०३० अखेरपर्यंत सुरू होणाऱ्या हरित हायड्रोजन प्रकल्पांना २५ वर्षं मिळते. ती जरूर घ्या, पण ती पैशाची सवलत आहे. प्रमाणपत्राच्या परीक्षेत तिचे गुण नाहीत.

तिसरं काम: कार्बनचा हिशेब

हायड्रोजन तसाच बोटीत भरून नेणं आजघडीला महाग आणि किचकट. बहुतेक माल अमोनिया होऊन जाईल. एक टन हायड्रोजनपासून साडेपाच टनांहून थोडा जास्त अमोनिया होतो. अमोनियाच्या किलोत १८.६ मेगाज्यूल ऊर्जा, त्याला २८.२ ग्रॅमने गुणलं की युरोपची मर्यादा येते: किलोमागे ०.५२ किलो.

हा आकडा किती घट्ट आहे ते कागदावर करून पाहा. हवेतून नायट्रोजन वेगळा करणं आणि संश्लेषण धरून किलोभर अमोनियाला ढोबळ १० युनिट लागतात. समजा त्यातले ९.५ नियमात बसणारी अक्षय वीज आणि अर्धं युनिट ग्रीडची. अर्ध्या युनिटाचे ०.३६ किलो झाले. उरले ०.१६, त्यात बोटीचं इंधन, टाकी थंड ठेवणं आणि तिकडच्या रस्त्याची वाहतूक बसवायची. ग्रीडची वीज ०.८ युनिट झाली की ०.५८, म्हणजे बोट किनारा सोडण्याआधीच खेळ संपला. दहातलं पाऊण युनिट माणसं ‘किरकोळ’ म्हणतात. कंप्रेसर, थंड पाण्याचे पंप, कंट्रोल रूमचा एसी हे सगळं त्या पाऊण युनिटात असतं, आणि ते बहुतेकदा इलेक्ट्रोलायझरच्या मीटरवर नसून साध्या औद्योगिक जोडणीवर असतं. पहिल्या भेटीत मी तीच जोडणी शोधतो.

मिथेनॉल करायचा विचार असेल तर कार्बन कुठून आणता ते बघावं लागतं. गोव्यातल्या कच्च्या लोखंडाच्या भट्टीच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडला म्हणून तो आपोआप वजा होत नाही. युरोपला त्या धुरावर परिणामकारक कार्बन किंमत, म्हणजे सोडलेल्या कार्बनचे पैसे, लागलेली हवी असते, आणि तसा कार्बनही कायमचा चालणार नाही. वीजनिर्मितीतला २०३५ पर्यंत, इतर उद्योगांतला २०४० पर्यंत. जैविक उगमाचा कार्बन यापेक्षा सोपा.

चौथं काम: योजना आणि तपासनीस

युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२४ मध्ये आरएफएनबीओसाठी तीन ऐच्छिक योजनांना मान्यता दिली: सर्टिफहाय, रेडसर्ट-ईयू आणि आयएससीसी-ईयू. ‘ऐच्छिक’ शब्दाला फसू नका. यातल्या किंवा नंतर मान्यता मिळालेल्या एखाद्या योजनेतून गेल्याशिवाय माल युरोपच्या लक्ष्यात धरून घेणं व्यवहारात अवघड. पुढची वाट सगळीकडे साधारण सारखी: योजनेत नाव नोंदवा, तिने मान्य केलेल्या प्रमाणन संस्थेशी करार करा, तपासणी करून घ्या, वर्षभराचं प्रमाणपत्र मिळवा, दर वर्षी पुन्हा. योजना कोणती घ्यायची हे तुमच्या गिऱ्हाइकाला विचारा. त्याच्याकडे पुढची सगळी साखळी ज्या योजनेत असेल, तीच घ्या.

प्रमाणपत्र हातात येण्याआधी तयार झालेला माल प्रमाणित म्हणून विकता येईल, असं धरून चालू नका. बऱ्याच प्रकल्पांना ही गोष्ट चाचणी उत्पादनाच्या वेळी कळते. बांधकामाच्या आधीच आराखड्यावर पूर्वतपासणी करून घेता येते. बँकेला ती आवडते आणि चुका सिमेंट ओतायच्या आधी दिसतात. त्यावर खर्च करा.

भारतीय बाजूला नवीन व अक्षय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०२५ मध्ये हरित हायड्रोजन प्रमाणन योजना आणली, मध्यवर्ती संस्था बीईई, म्हणजे केंद्राचा ऊर्जा दक्षता ब्युरो. देशात विकणाऱ्याला किंवा सरकारी प्रोत्साहन घेणाऱ्याला तिचं अंतिम प्रमाणपत्र लागतंच. निव्वळ निर्यातीवर चालणाऱ्याला सूट आहे. तरी मी सगळ्यांना सांगतो, तेही काढा. परदेशी सौदा फिसकटला तर माल देशात विकायची वाट उघडी राहते.

तपासणीच्या दिवशी

एका छोट्या प्रायोगिक प्रकल्पाच्या सराव तपासणीला मी बसलो होतो. नाव-गाव सांगत नाही. मालकाने इलेक्ट्रोलायझरला नवा रंग दिला होता, दाराला आंब्याचं तोरण लावलं होतं. तपासनीस बाई आल्या, यंत्राकडे बघितलंसुद्धा नाही. थेट स्विचयार्डात गेल्या आणि मीटरचा क्रमांक वहीत उतरवला. मग फायलीतला कॅलिब्रेशनचा, म्हणजे मीटर अचूक मोजतो हे तपासल्याचा, कागद काढायला सांगितला. क्रमांक जुळेना.

जूनच्या गडगडाटात जुना मीटर जळला होता. कामगारांनी धावपळ करून नवा बसवला, यंत्र बंद पडू दिलं नाही, त्यांचं कौतुकच. पण जुन्या मीटरचं शेवटचं वाचन कुणी लिहिलं नव्हतं, आणि नवा मीटर सील व्हायला अकरा दिवस गेले. त्या अकरा दिवसांचा पुरावा म्हणजे एका पोराने मोबाईलवर काढलेले इन्व्हर्टरच्या पडद्याचे फोटो. बाई शांतपणे म्हणाल्या, “हे अकरा दिवस मी ग्रीडचे धरते.” महिन्याची सरासरी त्यातच बुडाली. दुसरं सापडलं ते घड्याळ: सौर बाजूचा मीटर आणि यंत्राचा मीटर यांच्यात सात मिनिटांचा फरक होता. महिन्याच्या हिशेबात तो दिसलाही नसता. तासाच्या हिशेबात दर तासाला थोडी वीज शेजारच्या तासात सांडली असती.

त्या दिवसापासून मी प्रत्येक ठिकाणी एक साधी पुठ्ठ्याची वही ठेवायला लावतो. मीटर बदलला, सील तुटलं, घड्याळ जुळवलं, संगणक बंद पडला, की तारीख, वेळ, आधीचं वाचन, नंतरचं वाचन आणि दोन सह्या. संगणकातली नोंद हवीच, पण तपासनिसाला शाईने लिहिलेली वही भावते, कारण ती मागून लिहिली तर दिसतं.

पाण्याचेही कागद ठेवा. किलोमागे रसायनशास्त्राने ९ लिटर, शुद्धीकरण आणि यंत्र थंड ठेवणं धरून प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट-तिप्पट. टँकरने आणत असाल तर टँकरची पावती. उन्हाळ्यात आपल्याकडे गावात पाण्यावरून काय चालतं ते सांगायला नको. परदेशी गिऱ्हाईक हा प्रश्न विचारतंच.

टाकी, बोट आणि पेढीखातं

मुरगाव बंदरात अमोनिया नवा नाही. झुआरीनगरच्या खत कारखान्यासाठी तो वर्षानुवर्षं आयात होत आला आहे. उणे ३३ अंशांवर तो द्रव राहतो. जानेवारी २०१८ मध्ये चिखलीजवळ अमोनियाचा टँकर उलटला, लोकांना रातोरात घरं सोडावी लागली. त्यामुळे वास्कोच्या लोकांना ‘स्वच्छ इंधन’ म्हणून अमोनिया समजावून सांगायला जाणाऱ्याने आधी ऐकून घ्यायची तयारी ठेवावी.

प्रमाणपत्राच्या दृष्टीने टाकीचा प्रश्न असा: एकाच टाकीत हरित आणि साधा अमोनिया मिसळला तर? युरोप ‘मास बॅलन्स’ मानतो, म्हणजे मिसळलेला माल चालतो, पण खातं टाकीला बांधलेलं हवं. पाचशे टन हरित आत गेला तर पाचशेच टन हरित म्हणून बाहेर काढता येईल, आणि हिशेब जास्तीत जास्त तीन महिन्यांत मिटवायचा. घट धरायची ती दोन्हींवर सारखी. जुन्या पेढीवर तांदूळ आणि पोह्यांचं खातं ठेवणाऱ्या माणसाला हे पाच मिनिटांत कळतं, एमबीए झालेल्याला समजावायला अर्धा दिवस जातो. जहाज एका बाजूला आणि हरित गुणाचा कागद दुसऱ्याच बाजूला, असा व्यवहार मात्र इथे मान्य नाही.

साखळीतला प्रत्येक मालक प्रमाणित हवा: उत्पादक, मध्ये माल विकत घेणारा व्यापारी, टाकी चालवणारा. नुसत्या वाहतूकदाराला सहसा स्वतःचं प्रमाणपत्र लागत नाही. प्रत्येक खेपेसोबत शाश्वततेचा पुरावा द्यावा लागतो, त्यात प्रमाण, कार्बनचा आकडा, उत्पादनाचं ठिकाण, प्रमाणपत्राचा क्रमांक. बिल ऑफ लेडिंगवरचे (माल जहाजात चढल्याच्या कागदावरचे) टन आणि या पुराव्यावरचे टन जुळलेच पाहिजेत. तिकडे युरोपच्या केंद्रीय डेटाबेसमध्ये खेप चढवली जाते, आणि तिथे एकदा चुकीचा आकडा गेला की तो मागे घ्यायला दहा ई-मेल लागतात.

सीबॅम नावाचा युरोपचा सीमेवरचा कार्बन कर हे वेगळंच प्रकरण आहे. १ जानेवारी २०२६ पासून त्याचा पक्का टप्पा सुरू झाला आणि हायड्रोजन व अमोनिया दोन्ही त्यात आहेत. लहान आयातदारांना वर्षाला ५० टनांपर्यंतची सूट आहे, ती हायड्रोजनला लागू नाही. आरएफएनबीओचं प्रमाणपत्र दिलं म्हणजे सीबॅमचं काम झालं असं होत नाही. आकडेमोडीचा मसाला तोच, पण फॉर्म वेगळा आणि पडताळणीही वेगळी. गोव्यातून लोहखनिजाच्या पेलेट पाठवणाऱ्यांनीही हे कान देऊन ऐकावं, त्याही सीबॅमच्या यादीत आहेत. ज्याच्याकडे हायड्रोजनच्या नोंदी नीट ठेवणारा माणूस आहे, त्याने त्यालाच हे काम द्यावं.

फाईल

सगळी मूळ कागदपत्रं किमान पाच वर्षं ठेवावी लागतात: करार, कमिशनिंगचे दाखले, १५ मिनिटांच्या नोंदी, कॅलिब्रेशन, मीटरची वही, टाकीचं खातं, प्रत्येक खेपेचा पुरावा. संगणकातल्या प्रती दोन वेगवेगळ्या ठिकाणी, एक तरी गोव्याबाहेर. कागदी फाईल वास्कोच्या गोदामात लोखंडी कपाटात ठेवणार असाल तर खालचा कप्पा रिकामा सोडा आणि प्लास्टिकच्या पिशवीत कागद बंद करू नका, आत घाम धरतो. मी कळीच्या चुन्याच्या पुरचुंड्या ठेवतो, दर जूनला बदलतो. तीन पावसाळ्यांनंतरही माझ्या फायलीतली शाई वाचता येते.